सेवेत नसलेली लाइन

१

रायपूरच्या जमिनीखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याची कोणाला लाजही वाटत नाही. माझी सगळी नोकरी या निर्लज्जपणावर चालते. खणायच्या आधी पाणीवाले, गटारवाले, गॅसवाले आणि केबलवाले यांच्या दारात जायचं, जुने नकाशे मागायचे. ते नकाशे चुकीचे आहेत हे खणल्यावर कळलं की पुन्हा त्यांच्याच दारात जायचं आणि कोणती लाइन कोणाची याच्या सह्या गोळा करायच्या. एकवीस वर्षं झाली. माझं नाव सुनेत्रा. साइटवर सगळे मला तोंडावर दीदी म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

यंदा मार्चमध्ये पुरानी बस्तीत सांडपाण्याच्या पंपासाठी खोल विहीर खणायचं काम निघालं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना राहती घरं. अशा जागी नुसता खड्डा खणला तर आजूबाजूची माती घरांसकट आत येते. म्हणून आधी लोखंडी पत्रे, ज्यांना आम्ही शीट पाइल म्हणतो, एकमेकांत अडकवून जमिनीत उभे ठोकायचे. चारी बाजूंनी पत्र्यांची भिंत झाली की मधली माती काढत जायची आणि भिंती आत झुकू नयेत म्हणून मध्ये आडव्या तुळया रेटून बसवायच्या.

पूर्वेच्या बाजूला सतरावा पत्रा दोन मीटरवर अडला. हाताने खणून पाहिलं तर बिडाचा पाइप निघाला, नऊ इंची, कोणत्याही नकाशात नसलेला.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. पाइपच्या जागी दोन पत्रे गाळायचे, म्हणजे भिंतीत तेवढी खिडकी राहते. मग जसजसं खाली खणू तसतशा त्या खिडकीवर, पाइपच्या खालून, लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या. मागची माती आत येत नाही. पाइप वरच्या तुळईला टांगून ठेवायचा. आमचा पाइप पूर्वेच्या भिंतीतून येऊन पश्चिमेच्या भिंतीत जात होता, कपडे वाळत घालायच्या दांडीसारखा, आणि त्याच्याखाली आणखी तीन मीटर खड्डा होता. पाइपशी उभं राहता यावं म्हणून फळ्यांचा एक माचा बांधला होता.

पश्चिमेची खिडकी नीट बंद झाली. पूर्वेच्या खिडकीवर जेमतेम एक मीटर पट्ट्या बसल्या आणि आमचा वेल्डर अभनपूरच्या कामावर पळवला गेला. खालच्या दोन मीटरला लाकडी फळ्या ठोकल्या, फटींत गोणपाट कोंबलं. दोन दिवसांपुरतं आहे, असं मला सांगण्यात आलं. त्याला बारा दिवस झाले होते.

२

पाइप कोणाचा हे ठरवायची संयुक्त पाहणी म्हणजे चार गाड्या. पाणीवाल्यांचे साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच चार बोटं खाली झाली, कागद आत गेला, बाहेर आला. ‘हमारी नहीं है’. गटारवाल्यांनी कठड्यापर्यंत येण्याची मेहनत घेतली, पण खाली न बघता फोनवर बोलत सही केली. गॅसवाल्यांनी बॉनेटवर केली. केबलवाल्यांनी मला विचारलं, दीदी, पाइप म्हणजे केबल तर नाही ना, मग मला काहून बोलावलं? त्यांचा मुद्दा बरोबर होता म्हणून मला जास्तच राग आला.

चौघांपैकी एकानेही पाइप पाहिला नाही. बावीस मिनिटांत पाहणी संपली.

भार्गव कागद घेऊन हसत आला. हा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, चौतिशीचा. वाईट माणूस नाही. त्याला फक्त सगळं काल व्हायला हवं असतं.

“चौघंही नाही म्हणतायत, मॅडम. म्हणजे ती कोणाचीच नाही. तुमची पाचवी सही झाली की उद्या पाइप कापू, गाळलेले दोन पत्रे ठोकू. खिडकीच राहणार नाही. मग पट्ट्या कशाला वाया घालवायच्या?”

त्या फॉर्मचं नाव ‘सेवेत नसलेली लाइन’. खाली एक ओळ छापलेली असते: मी प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे. चारही सह्या त्या ओळीखाली होत्या.

“कोणाची नाही हे कळलं,” मी म्हटलं. “ती चालू नाही हे कोणी सांगितलं?”

“कोणाचीच नसलेली लाइन चालू कशी असेल?”

“रायपुरात काहीही असतं. शालिग्रामभाऊ तपासतील, मग मी सही करीन.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

३

शालिग्राम एकसष्ट वर्षांचे. जन्म पुरानी बस्तीतला, चाळीस वर्षं पाण्याच्या लाइनींवर फिटर. या शहराच्या पोटातलं त्यांच्याएवढं कोणी जाणत नाही, आणि पाहणीला त्यांना कोणी बोलावत नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे रोजीवर येतात.

त्यांनी आधी पाइपची दोन्ही टोकं शोधली. भिंतीबाहेर तीन मीटरवर, गल्लीत, एक लहान खड्डा पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दोन्हीकडे पाइप संपत होता. टोकावर लोखंडी झाकण, त्याला आठ बोल्ट, घट्ट आवळलेले. म्हणजे अकरा मीटरचा एक तुकडा, दोन्हीकडून बंद, कुठून न येणारा आणि कुठे न जाणारा.

“असं कोणी काहून करंन, बाई?” ते झाकणावर हात फिरवत म्हणाले. “मी एवढ्या वर्षांत असं काम नाही पाह्यलं. लाइन बंद केली तर एका टोकाले टोपी लावतेत. दोन्हीकडून बंद करून कोणी गाडत नाही.”

पण चालू नाही, एवढं तर दिसत होतं. मी पिशवीतून पेन काढलं. तेव्हा ते म्हणाले, “थांबा. ठोकून घेतो.”

पाइप कापायच्या आधी तीनदा ठोकायचं, ही जुन्या फिटरांची रीत आहे. कुठे लिहिलेली नाही. पूर्वी पुढच्या खड्ड्यात जोडीदार उभा असायचा. त्याने उलट ठोकलं की आपण बरोबर लाइन धरली हे कळायचं. जोडीदार नसला तरी ठोकायचंच. कुठे कोणी त्या पाइपला हात लावून बसलं असेल तर त्याला कळावं आणि त्याने हात काढावा, म्हणून.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन थेट खड्ड्याच्या तळापर्यंत. मी वर कठड्याशी, खाली शालिग्राम, दयाराम आणि दोन मजूर. शालिग्रामांनी माच्यावर उभं राहून हातोडीने तीन टोले दिले, दोन टोल्यांत एक श्वास जाईल इतके सावकाश.

उत्तर आलं. पाच टोले, तितकेच सावकाश.

मग दयारामने बोटं मोजली. तो अबोल माणूस आहे, खणायच्या गटाचा मुकादम. “हमन चार झन हन, दीदी,” तो म्हणाला. “अऊ ऊपर आप. पाँच.”

चार ते आणि वर मी. एक मजूर हसला, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

मी म्हटलं, ऊन तापलंय, लोखंड फुगतं, पत्रे टकटक वाजतात, मार्चमध्ये रोज वाजतात. हे मी इतक्या जोरात म्हटलं की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. आणि पेन पिशवीत परत ठेवलं.

४

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खाली उतरले. पन्नाशीच्या बाईने पाच मीटरच्या शिडीवरून साडी सांभाळत उतरावं लागतं, कारण गाडीतून सह्या करणाऱ्यांना पाय नसतात. हे मी उतरता उतरता मोठ्याने म्हणत होते.

खाली आम्ही पाच झालो. म्हणजे मला मोजून काल पाच आले असतील तर आजही पाचच यायला हवेत. शालिग्रामांनी तीन टोले दिले.

सहा आले.

“वर कोण आहे?” मी ओरडले. वर कोणी नव्हतं. वॉचमनही चहाला गेला होता.

मी दोन्ही मजुरांना वर पाठवलं, कठड्यापासून लांब, रस्त्यापलीकडे. खाली तिघं. चार आले. दयारामला पाठवलं. तीन. मग मी शालिग्रामांना म्हटलं, हातोडी मला द्या आणि तुम्हीही जा.

“नका करू, बाई.”

“ऊन आहे, भाऊ. लोखंड आहे. मले पाहू द्या.”

ते गेले. त्यांची चप्पल शिडीच्या शेवटच्या पायरीवरून उठल्याचा आवाज मी ऐकला. खड्ड्यात मी एकटी, चारी बाजूंनी गंजलेला पत्रा, पायाखाली माच्याच्या फळ्या. गल्लीतला आवाज एकदम दूर गेला होता. मी तीनदा ठोकलं. तिसरा टोला घसरला.

दोन टोले आले. दुसरा घसरलेला होता, माझ्यासारखाच.

शालिग्रामांजवळ पाणीवाल्यांची ऐकायची काठी असते, एक लोखंडी सळई आणि वर कानाला लावायची लाकडी वाटी. गळती कुठे आहे ते त्यावरून कळतं. ती माच्यावर पडली होती. मी सळई पाइपला टेकवली आणि वाटी कानाला लावली. रिकाम्या पाइपमध्ये एक प्रकारची घुमघुम असते, ती मी शेकडो वेळा ऐकली आहे. इथे ती नव्हती. इथे काहीच नव्हतं. आपण फोन उचलावा, पलीकडचा बोलत नसावा, पण त्याने फोन ठेवलेला नाही हे कळावं, तसं ते होतं. मी किती वेळ ऐकत होते ते मला सांगता येणार नाही. मान अवघडली तेव्हा मी काठी काढली.

वर आल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही. शालिग्रामांनी विचारलंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, “एक जास्तीचा हाये.”

५

आमच्या शंकर नगरच्या ऑफिसात एसी अठरावर असतो. त्या दुपारी मी भार्गवला मात्र सगळं सांगितलं, आणि त्याने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच हसू दाबलं, हे त्याला मानायला हवं.

“म्हणजे पाइप माणसं मोजतो.”

“मी असं म्हणाले नाही.”

“मग काय म्हणालात?”

मी काय म्हणाले होते ते मलाच नीट सांगता येत नव्हतं, आणि त्याचा राग मी त्याच्यावर काढला. वेल्डर कुठे आहे असं विचारलं. फळ्या आणि गोणपाट लावून तेरा दिवस माणसं खाली पाठवतोस, तुला झोप कशी लागते असं विचारलं. चार विभागांचे लोक खाली न बघता ‘प्रत्यक्ष पाहून’ लिहितात आणि तू तो कागद हसत घेतोस, असंही म्हटलं. बाहेरच्या टेबलावरची दोघं टायपायची थांबली.

भार्गव शांतपणे म्हणाला, “वेल्डर सोमवारी येईल. पण तुम्ही आज सही केलीत तर उद्या, शुक्रवारीच, पाइप कापून पत्रे ठोकून खिडकी बंद होते. ती खिडकी वेल्डरसाठी उघडी नाहीये, मॅडम. तुमच्या सहीसाठी उघडी आहे. चार माणसं रोज त्या फळ्यांसमोर उभी राहतात. पाइपमध्ये कोण आहे याची तुम्ही काळजी करताय. खड्ड्यात कोण आहे त्यांची कोणी करायची?”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते त्याच्यासारख्याने म्हणावं याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सही केली तर पाइपच्या जागी दोन पत्रे खाली जाणार, सहा मीटर, सरळ, मध्ये जे काही असेल त्यातून. नाही केली तर दयाराम आणि त्याची माणसं त्या फळ्यांखाली उभी. मी उद्या फळ्या स्वतः बघते आणि मग ठरवते, असं सांगून मी निघाले.

६

शुक्रवारी दुपारी एक वाजता माणसं जेवायला वर आली तेव्हा मी उतरले. शालिग्राम माच्यावर थांबले, मी टॉर्च घेऊन तळाशी गेले. तळाशी दमट गारवा होता. चिखल बोटभर.

पूर्वेच्या खिडकीवरच्या फळ्या जागेवर होत्या. फटींतलं गोणपाट मात्र बाहेर आलं होतं, बोटाबोटाने ढकलल्यासारखं. मातीच्या दाबाने होतं असं. मी एका फटीला टॉर्च लावली. मागे ओली माती दिसायला हवी होती.

दिसला अंधार, आणि अंधाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मातीची भिंत.

म्हणजे फळ्यांमागे पोकळी झाली होती. माती झिरपून आत वाहून येते तेव्हा होते. मी खाली पाहिलं. वाहून आलेली माती कुठे होती? तळ सकाळीच साफ केलेला, सपाट. कपाटाएवढी माती गेली कुठे हे मला कळेना. मी कमरेच्या उंचीवरची एक फळी धरून थोडी ओढली. ती सहज निघाली, चार बोटं.

आतली माती गुळगुळीत होती. फावड्याची किंवा पाण्याची खूण नव्हती. रोज वावरल्याने सारवलेली भिंत होते तशी. आणि खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक डाग होता. जुन्या घरांत जिथे कोणी वर्षानुवर्षं भिंतीला टेकून बसतं तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग पडतो. तसा. काळपट, चकचकीत. टॉर्चच्या उजेडात तो ओला दिसत होता.

माझ्या हातातली फळी हलली. मी सोडली म्हणून नव्हे. ती सावकाश माझ्या बोटांतून सुटली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली, अगदी नीट, दार लावून घेतल्यासारखी.

एकवीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. माती ढकलते. कुठलीही, कधीही, ओली असो की कोरडी, ती आपल्या अंगावर येते. माती ओढत नाही.

“बाई,” वरून शालिग्राम म्हणाले, “वर या.” त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. फक्त माझी टॉर्च विझलेली त्यांना दिसली होती. मी ती केव्हा विझवली ते मला आठवत नाही.

७

माणसं पुन्हा खाली जाणार नाहीत, असं मी दयारामला सांगितलं. तो “हव दीदी” म्हणाला आणि त्याने शिडीच ओढून घेतली.

पंधरा मिनिटांत मीनल धावत आली. पूर्वेला लागूनच तिचं घर, पुढच्या खोलीत ती लहान मुलांची शिकवणी घेते. “दीदी, फरशी बसून राहिली,” ती म्हणाली. “भिंतीत फट गेली, माझा हात जाते तिच्यात.” तिने मुलांना बाहेर काढलं होतं. अकरा मुलं दप्तरं छातीशी धरून ओट्यावर उभी होती आणि त्यांना गंमत वाटत होती.

भार्गव अर्ध्या तासात पोचला. आता तो हसत नव्हता. क्रेन आणि पत्रे ठोकायचं यंत्र निघालं होतं. “पोकळी तुम्हीच पाहिलीत ना? मग? घर जाईल, मॅडम. आता खिडकी बंद करावीच लागेल, आत्ता.”

“आधी गल्लीतून खणून पाहू. त्या पोकळीत काय आहे ते पाहू.”

“बसत चाललेल्या घराशेजारी आणखी एक खड्डा? तुम्ही इंजिनियर म्हणून हे म्हणताय?”

इंजिनियर म्हणून मी ते म्हणत नव्हते. मी चौघांना फोन लावले. पाणीवाल्या साहेबांना म्हटलं, एकदा फक्त या, तुमच्या डोळ्यांनी बघा, तिथे कोणी असू शकतं. ते म्हणाले, “मैडम, लिख के दिया ना, हमारी नहीं है.” मी म्हटलं, मी पाइपबद्दल बोलत नाहीये. ते म्हणाले, “जो भी है, हमारा नहीं है.” गटारवाले मीटिंगमध्ये होते. गॅसवाल्यांनी विचारलं, गॅसचा वास येतोय का, नाही ना, मग? केबलवाल्यांनी उचललाच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते भीतीने आलं नव्हतं. इतकी माणसं इतक्या सहज नाही म्हणू शकतात याची मला चीड आली होती.

मी शालिग्रामांकडे पाहिलं. त्यांनी आपली लांब सळई घेतली आणि कठड्यावरून वाकून, वरूनच, पाइपवर तीन टोले दिले. खड्ड्यात कोणी नव्हतं. दयाराम ओट्याजवळ, मजूर रस्त्यापलीकडे, मी आणि भार्गव कठड्याच्या अलीकडे.

एक टोला आला.

भार्गवनेही तो ऐकला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने खाली पाहिलं, मग मीनलच्या घराकडे, मग ओट्यावरच्या मुलांकडे, आणि खिशातून तो घडी घातलेला फॉर्म काढून माझ्यापुढे धरला. मीनलच्या भिंतीतून मातीचा एक बारीक ओघ पडत होता, साखर सांडल्यासारखा.

मी सही केली. ‘मी प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे’ या ओळीखाली.

८

दयाराम कमरेला दोर बांधून माच्यावर उतरला आणि त्याने कटरने पाइप दोन्ही भिंतींशी कापला. सात-आठ मिनिटांचं काम. पूर्वेचा तुकडा कापला गेला तेव्हा आतून थोडी उबदार हवा आली, असं तो नंतर म्हणाला. खोबरेल तेलाचा वास होता. तो वर आल्यावर दोर सोडायला विसरला आणि तसाच दोरासकट जाऊन बसला.

मग पत्रे. यंत्राने पहिला उभा धरला आणि तो थरथरत खाली जाऊ लागला. एक मीटर, दोन, तीन. चार मीटरच्या खाली तो थांबला. यंत्र चालूच होतं, पत्रा थरथरत होता, पण जात नव्हता. ऑपरेटर म्हणाला, दगड असेल. सगळे माझ्याकडे बघत होते, जसं काही अजूनही माझंच मत हवं होतं. ऑपरेटरने जोर वाढवला आणि पत्रा एकदम अर्धा हात खाली गेला, आणि त्यानंतर लोण्यातून गेल्यासारखा शेवटपर्यंत गेला. दुसरा पत्रा कुठेच अडला नाही.

पाच वाजेपर्यंत पत्र्यामागे वाळू ओतून झाली. मीनलच्या घराला टेकू लागले. फट वाढायची थांबली. मुलं घरी गेली होती. भार्गव माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही आज बरोबर केलंत.” अकरा मुलं वाचली, चार माणसं वाचली, आणि त्याचा एक शब्दही खोटा नव्हता. त्याच्याशी भांडायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. एकवीस वर्षं मी गाडीतून सह्या करणाऱ्यांना शिव्या दिल्या आहेत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

उजेड होता तोवर मी शालिग्रामांना घेऊन गल्लीतल्या पूर्वेच्या लहान खड्ड्यापाशी गेले. पाइपचं टोक तिथे अजून होतं, आठ बोल्टांचं झाकण, त्याच्यामागे तीन मीटरचा उरलेला तुकडा. मी खाली बसले. हातोडी त्यांनी माझ्या हातात दिली.

मी तीनदा ठोकलं, सावकाश.

मग काठी लावून ऐकलं. रिकाम्या पाइपची घुमघुम ऐकू येत होती, कुठल्याही पाइपमध्ये असते तशी. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा ऐकलं. गल्लीत देवळाची घंटा झाली, कोणी स्कूटर सुरू केली. शालिग्राम माझ्याजवळ उकिडवे बसले होते आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता.

“चला, बाई,” ते म्हणाले.

ती लाइन सेवेत नाही असं मी दुपारी लिहून दिलं होतं. आता ते खरं होतं.